तोंडातले खिळे

४ मार्च

वन्सं,

नमस्कार आणि वर जे काय लिहायचं असतं ते सगळं लिहिलंय असं समजा. फोन केला असता. पण मागच्या वेळी तुम्ही मधेच ठेवलात, त्याच्या आधी मी ठेवला होता, म्हणजे आता पुन्हा माझी पाळी. पत्र फाडता येतं, पण निदान मधेच ठेवता येत नाही.

काम आहे म्हणून लिहितेय. जीव वगैरे गलबलून आलेला नाही.

मामंजी गेल्यावर दुकान विकलं तेव्हा घेणाऱ्याने मला माझ्या कामाला बसायच्या ठिय्यासकट ठेवून घेतलं, हे तुम्हाला माहीत आहे. आता तो थकला आणि त्याचा जावई मालक झालाय. आपण जी खुर्ची काथ्या-कापडाने भरतो, तिला हा जावई 'युनिट' म्हणतो. त्याला हॉटेलांची आणि नाट्यगृहांची कामं हवीत, आणि तिथे म्हणे कारागिरांची प्रमाणपत्रं मागतात. मला विचारतो, "काकू, तुमच्याकडे कागद काय आहे?" मी म्हटलं, "पॉलिशपेपर आहे, देऊ?" त्याला हसू आलं नाही. युनिट हसत नाहीत. जून संपेपर्यंत कागद आणला नाही तर माझा ठिय्या जाणार आणि मी मागच्या खोलीत जुनी कापडं उसवायला बसणार. ज्या बैठका मी भरल्या त्या मीच उसवायच्या, आणि नव्या भरणार कालची पोरं, पिनमशीनने, टकाटक.

कामगार शिक्षणाच्या कचेरीत एक खिडकी आहे. शाळेत न जाता काम शिकलेल्यांचं शिकणं तिथे तपासून घेतात, आणि पास झालात तर वर्गात बसणाऱ्यांना मिळतं तेच प्रमाणपत्र देतात. गेले. अर्जात विचारलंय, 'हे कौशल्य आपण कोठून प्राप्त केले?' आणि पुढे जागा एवढीशी. मी लिहिलं, 'सासरी.' खिडकीतल्या माणसाने पेन्सिलीने त्याच्याभोवती गोल काढला, बुरशीच्या डागाभोवती काढावा तसा.

अजून एक हवंय. बरोबर काम केलेल्या माणसाचा दाखला. मामंजी नाहीत. तुमचा भाऊ टेम्पो चालवायचा आणि माल चढवायच्या आधी त्याच सोफ्यावर झोपायचा. माझं काम त्याने फक्त पाठीने पाहिलंय. उरलात तुम्ही.

चार ओळी लिहा. नटवू नका.

तुमची भावजय


१३ मार्च

वहिनी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू कागद मागतेस यावर पहिल्यांदा विश्वासच बसला नाही.

मी संध्याकाळच्या प्रमाणपत्राच्या वर्गाला निघायचे तेव्हा दारात उभी राहून काय म्हणायचीस, आठवतंय? "वन्सं निघाल्या, खुर्चीला खुर्ची म्हणतात हे शिकायला." शेजारच्या चष्म्याच्या दुकानातला माणूसही हसायचा. मी परत यायचे तेव्हा विचारायचीस, "मग, आज पाय किती निघाले खुर्चीला?" आता तुझ्या अर्जाभोवती कुणी गोल काढला तर तुझं काळीज दुखतं का? छान.

इथे कारखान्यात माझं बरं चाललंय. पूर्ण विभाग माझ्या हाताखाली आहे. सोफे पट्ट्यावरून सरकत येतात, प्रत्येक बाईच्या हातात पिनमशीन, कानाला झाकणं, आणि झाकणं असूनही दिवसभर बडबड. कुणाच्या तोंडात काही नसतं. मला पांढरा कोट आहे. तुला हसायचं असेल तर हस.

दाखल्याचं म्हणशील तर, खाली सही माझी असणार, आणि माझ्या सहीवर इथे माल बाहेर जातो. मी काय लिहू? अर्जदार आमच्याकडे आली तेव्हा हातोडी उलटी धरायची? आधी प्रात्यक्षिक देऊन ये. मग बघू.

दोन गोष्टी सांगते, ऐकणार नाहीस तरी. खिळे तोंडात धरू नकोस. आणि विचारलं की उत्तर दे. तिथे हातांइतकेच तोंडाला मार्क असतात.

बाबांची हातोडी अजून वापरतेस का?

तुझी नणंद


२ एप्रिल

वन्सं,

प्रात्यक्षिक झालं. आता सावकाश हसा, पाणी वगैरे जवळ ठेवा.

एक मोठी खोली, भिंतीवर कामगारांची चित्रं. सगळे कामगार हसतायत आणि सगळ्यांची नखं स्वच्छ आहेत. मधोमध एक नागडी खुर्ची, बाजूला फोम, कापड आणि पिनमशीन. मी मशीन उचलून खाली ठेवलं आणि पिशवीतून हातोडी काढली. परीक्षक म्हणून चष्मा लावलेली एक बाई, तुमच्या-माझ्याहून लहान. हातात पाटी, पाटीला दोरीने पेन बांधलेलं. सरकारचं पेन, पळून जाईल ना.

"मावशी, काम करता करता बोलत राहा," म्हणाली. "काय करताय, का करताय, सगळं."

तोवर माझ्या तोंडात मूठभर खिळे गेले होते.

आता तुम्हीच सांगा, यात माझा काय दोष? सुनेच्या तोंडात पहिला घास कुणी गोडाचा घालतं, मामंजींनी खिळे घातले. जिभेने एकेक फिरवायचा, डोकं ओठांबाहेर आणायचं, हातोडीच्या लोहचुंबकाने उचलायचा आणि ठोकायचा. दुसरा हात कापड ताणायला मोकळा. हे मी झोपेत करते. पण झोपेतही मला कुणी प्रश्न विचारत नाही.

"हे कापड तिरकं का ओढलंत?"

"उं."

"या कोपऱ्यात चुण्या किती घेणार?"

"उं उं."

"मावशी, मला कळत नाहीये."

मग मी सगळे खिळे तळहातावर थुंकले आणि सांगितलं, "तिरकं ओढलं नाही तर बसणारा उठला की कापड उठत नाही." तोवर धरलेलं कापड सुटलं. मी म्हटलं, "बघा, सुटलं. आता हे कोण धरणार, तुमचं पेन?" तिने काहीतरी लिहिलं. बांधलेलं पेनसुद्धा भरपूर लांब पोचतं.

निकालाच्या कागदावर छापून आलंय, 'अद्याप सक्षम नाही.' अद्याप! एवढ्या वर्षांत मी भरलेल्या खुर्च्यांवर या गावातला निम्मा पार्श्वभाग बसलाय, आणि मी अद्याप. कारणं अशी: टोकदार वस्तू तोंडात धरल्या, घशात जाण्याचा धोका. प्रश्नांची उत्तरं समाधानकारक नाहीत. धोक्याचं एकवेळ मान्य. मामंजींनी एकदा गिळला होता आणि दिवसभर कुणाला सांगितलं नव्हतं, नुसते ताठ बसून होते.

गिऱ्हाइकांचे दाखले नेले होते. डॉक्टरीणबाईंचा आणि नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाचा. दोघांनी ठरवून लिहावं तसं एकच लिहिलं, मनमिळाऊ, कष्टाळू, प्रामाणिक. चष्मेवालीने वाचले आणि बाजूला ठेवले. म्हणाली, "हे कुणाबद्दलही लिहिता येतं, मावशी. यांनी तुमचं काम पाहिलेलं नाही, त्यावर बसलेत फक्त." बाई पहिल्यांदा काहीतरी बरोबर बोलली, आणि तेही माझ्याविरुद्ध.

मे महिन्यात पुन्हा एक संधी आहे. तेवढीच.

येताना बसमध्ये एक विचार आला, तो लिहून टाकते. तुम्ही-मी इतकी वर्षं गुडघ्याला गुडघा लावून बसलो आणि एकदाही भांडलो नाही. लोक म्हणायचे, नणंद-भावजया असाव्यात तर अशा! कशाचं काय, दोघींच्या तोंडात खिळे. मग मामंजींनी पिनमशीन आणलं आणि घराला तोंड फुटलं.

दाखला?

तुमची भावजय


१६ एप्रिल

वहिनी,

हसले. पट्ट्यावरच्या सगळ्या बायका बघत होत्या. 'कोण धरणार, तुमचं पेन' हे तू खरंच म्हणालीस, यात मला शंका नाही. तुला समोरच्या माणसाला जरा जागा सोडायची सवयच नाही. परीक्षेतही नाही, घरातही नाही.

घराला तोंड फुटलं म्हणतेस. कुणाचं फुटलं? मशीन आल्यावर पहिल्या दिवशी, पहिलं वाक्य तू काय बोललीस? इतक्या वर्षांनी तोंड रिकामं झालं, काहीही बोलता आलं असतं. म्हणायचं होतंस की गुडघे दुखतात. म्हणायचं होतंस की खिडकी उघडा. तू माझ्या खुर्चीकडे बघून म्हणालीस, "वन्सं, तुमचा डावा कोपरा सैल आहे."

आणि बाबांनी माझ्या मांडीवरून हात पुढे करून त्यांची हातोडी तुला दिली. माझ्या मांडीवरून. जणू मी खोलीतलं एखादं टेबल.

तुम्ही सगळे म्हणालात, पोरगी कोटासाठी गेली, पगारासाठी गेली. मी म्हणू दिलं. वर्गाला मी जात होते ते प्रमाणपत्रासाठी नव्हे. तिथे एक मास्तर माझा कोपरा बघून 'बरं झालंय' म्हणायचे, त्यासाठी. आता सांगते, कारण तू दाखला मागतेस. ज्या घराने मला कधी दिला नाही तो मी तुला द्यायचा. वा!

नणंद


२२ एप्रिल

वन्सं,

नका देऊ.

पण एक नीट ऐका. मशीन आलं ते दुकानातलं एकमेव, नवंकोरं, आणि ते कुणाच्या हातात गेलं? तुमच्या. तुम्ही उचललंत आणि त्यांनी हूं की चूं केलं नाही. मग त्यांची जुनी हातोडी, दांड्याला चिकटपट्टी गुंडाळलेली, ती मला आली. मी त्या रात्री तुमच्या भावाला काय म्हटलं माहीत आहे? लेकीला नवं, सुनेला जुनं. तो झोपला होता, नेहमीप्रमाणे.

तुम्ही इतकी वर्षं त्या हातोडीला सिंहासन समजत होतात हे मला माहीत असतं तर मी ती पोस्टाने पाठवली असती, पोस्टेज तुमच्याकडून वसूल करून.

आणि तुमचा डावा कोपरा सैलच होता.

भावजय


९ मे

कामगार शिक्षण कचेरीतील परीक्षक बाईंना,

अर्जदार माझी भावजय आहे. नातं आहे म्हणून हा दाखला बाद करायचा असेल तर करा, पण आधी वाचा. तिच्याबद्दल चांगलं लिहावं असं मला काहीही कारण नाही.

आमच्या घरी आली तेव्हा तिला हातोडी धरता येत नव्हती. पहिल्याच दिवशी अंगठा ठेचला. रडली नाही, हातोडी भिंतीवर फेकली. पोपडा उडालेली ती जागा दुकान विकेपर्यंत तशीच होती. माझे वडील म्हणाले, "ही टिकेल." मला त्यांनी असं कधी म्हटलं नाही, पण ते या दाखल्यात येत नाही.

तिच्या खोडी सांगते. ती टेपवर विश्वास ठेवत नाही, वितीने मापते आणि भीतीपोटी कापड जास्त कापते. मोठ्या सोफ्यात हे नुकसानीचं आहे, आणि सांगितलं की चिडते. ती दुसऱ्याचं काम उसवते. मी चहाला उठले आणि परत आले की माझी कडा उसवून पुन्हा ठोकलेली असायची. विचारायचं नाही, सांगायचं नाही. काथ्या भरून झाला की डोळे मिटून बोटांच्या पेरांनी दाबत जाते, आणि कुठे पोकळ लागलं तर गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी सगळं पुन्हा उघडते. आमचे अनेक वायदे तिच्यामुळे चुकलेत.

जुनी खुर्ची आली की ती आधी उघडत नाही, तिच्यात बसते. बराच वेळ. बसणारा कोण, कुठल्या हातावर रेलतो, उठताना कशाला धरतो, हे सगळं विचारते. एकदा एका आजारी म्हाताऱ्याची आरामखुर्ची तिने डाव्या बाजूला जास्त भरली. रिकामी खुर्ची सरळसरळ वाकडी दिसायची. वडिलांनी सगळ्यांदेखत झापलं. संध्याकाळी म्हातारा आला, बसला, आणि सरळ झाला. तो माणूस डावीकडे कलायचा. तो तसाच बसून राहिला. त्याची मुलगी मागे उभी राहून रडत होती. वडील आत निघून गेले.

खिळे तोंडात धरते, हे तुम्ही पाहिलंच आहे. आम्हा दोघींना तसंच शिकवलं. वाईट सवय आहे. तिच्या पुढच्या दाताला खाच पडली आहे, माझ्याही. बंद करायला लावा. माझं ऐकत नाही.

ती कुणाला 'बरं झालंय' असं म्हणत नाही. मी तिच्या शेजारी इतकी वर्षं बसले, एकदाही ऐकलं नाही. मीही तिला कधी म्हटलं नाही, पण अर्ज तिचा आहे.

तिला काम येतं का, हा तुमचा प्रश्न. येतं. माझ्याहून जास्त. हे वाक्य मी लिहून बराच वेळ बघत बसले, आणि खोडलेलं नाही.

(सही, विभागप्रमुख)


३० मे

वन्सं,

तुम्ही माझी अब्रू काढलीत, तीही सहीनिशी, तीही सरकारी कचेरीत.

चष्मेवालीने तुमचा दाखला मला मोठ्याने वाचून दाखवला. नियम आहे म्हणे, अर्जदाराला ऐकवायचा. वितीचं आलं तेव्हा मी म्हटलं, खोटं आहे. उसवण्याचं आलं तेव्हा म्हटलं, तेही खोटं. बाई म्हणाली, "मावशी, गेल्या खेपेला प्रात्यक्षिकाची वाट बघताना तुम्ही बाकावरच्या उशीची शिवण उसवत होतात. मी पाहिलंय." ती शिवण होतीच तशी. सरकारी.

मग आरामखुर्ची आली. बाईने पाटी खाली ठेवली आणि म्हणाली, हे सांगा, कसं ठरवलंत किती जास्त भरायचं? या वेळी मी खिळे कमरेच्या डबीत ठेवले होते. डबी म्हणजे भिकाऱ्यासारखं वाटतं, दर खिळ्याला हात पसरायचा. पण तोंड रिकामं होतं. आणि माझं तोंड रिकामं असलं की काय होतं हे तुम्हाला माहीत आहे, तिला माहीत नव्हतं. मी म्हाताऱ्यापासून सुरुवात केली, काथ्यावर आले, तिथून फोमला शिव्या दिल्या, तिथून त्यांच्या भिंतीवरच्या चित्रांवर. शेवटी तीच म्हणाली, "मावशी, आता जरा काम करता का?"

तर सगळं झालं. सगळीकडे 'सक्षम'. एक सोडून. 'सहकाऱ्यासोबत काम करणे.' त्यात अद्याप. का? तर तुमच्या दाखल्यात लिहिलंय म्हणून! दुसऱ्याचं काम न विचारता उसवते म्हणून! मी म्हटलं, दाखला माझ्या बाजूचा आहे की नाही? ती म्हणाली, "मावशी, आजवर इथे आलेला हा पहिला दाखला आहे, ज्यात लिहिणाऱ्याने खरंच काम पाहिलंय. तो मानायचा तर सगळा मानायचा." शहाणी आहे मेली. तोंडावर मी म्हटलं नाही.

आता एक खुर्ची दुसऱ्या कारागिराबरोबर मिळून भरायची, बोलत बोलत, एकमेकींना विचारत. १८ जूनला. कारागीर मी आणायचा. जावयाची पोरं पिनमशीनशिवाय नाक पुसू शकत नाहीत, ती काय कामाची? हे झालं नाही तर जूनअखेरीला मी उसवायच्या खोलीत. जावयाने तिथे माझ्यासाठी स्टूल आणूनसुद्धा ठेवलंय. स्टूल! गादी नाही त्याला.

'माझ्याहून जास्त' हे वाक्य बाईने वाचलं तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होते. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, शेजारच्या इमारतीची भिंत होती. तरी बराच वेळ बघितली.

तुम्ही येणार नाही, हे मी धरूनच चाललेय. नुसतं कळवलं.

तुमची भावजय

ता. क. अर्जात सहकाऱ्याशी नातं लिहायला एक रकाना आहे. तो रिकामा ठेवलाय.


६ जून

वहिनी,

रजा टाकली आहे. १७ला संध्याकाळी पोचते. दादाला सांग, टेम्पोत झोपू नकोस, स्टँडवर ये.

रकान्यात नणंद लिहू नकोस. त्या बाईंना ते दाखल्यातून माहीतच आहे, पण खिडकीत उगीच कुणीतरी पुन्हा पेन्सिल काढेल. 'शेजारी बसायची' असं लिही. ते खोटं नाही.

हातोडी तूच आण. मला तिची सवय राहिलेली नाही आणि तिच्या दांड्याला नवी चिकटपट्टी लावलीस का, याची खात्रीही नाही. मी माझी आणेन. मशीन आणणार नाही. माझ्यासाठीही एक डबी बघून ठेव, कमरेला बांधायची. दोघी भिकारणी बसू.

पाठ तू घे, बैठक मी घेते. मी पाण्याला उठले आणि परत आल्यावर माझी कडा उसवलेली दिसली तर तिथून सरळ स्टँडवर जाईन, तुझं प्रमाणपत्र गेलं खड्ड्यात.

डावा कोपरा मी करणार. सैल राहिला तर खिळा तोंडात धरून बसू नकोस. त्या बाईंच्या समोर, मोठ्याने, मला सांग. आणि नाही राहिला, तरीही सांग.

तुझी नणंद